जुनी झेड४ घ्यायची आहे, रास्त भाव कसा काढायचा? (इंदूर)

पलासियाकर
नमस्कार मंडळी. विजयनगरमध्ये एक बीएमडब्ल्यू झेड४ विकायला आहे. एसड्राइव्ह ३५आय, नोंदणी २०१४ ची, क्रमांक एमएच-०२, सध्याचे मालक दुसरे, मीटरवर ४६,००० किमी. गाडी दोन वर्षांपासून इंदुरातच आहे, नोंदणी मात्र अजून मुंबईची. मागणी ३१ लाख, "थोडंफार कमी होईल" म्हणतात. अशाच तीन गाड्यांच्या जाहिराती सापडल्या, तिन्ही मुंबई-पुण्याच्या : २९.५, ३० आणि ३३ लाख. ३३ वाली तीन महिने तशीच पडून आहे. मला उगाच भाव पाडायचा नाही, रास्त द्यायचा आहे. आकडा कसा काढायचा आणि बोलणी कुठून सुरू करायची?

टॉर्क_रेंच
आधी गाडी, मग भाव. या गाडीची किंमत तिच्यावर येत्या दीड वर्षात काय खर्च होणार यावर ठरते.

इंजिन एन५४ आहे : ३ लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो, ३०६ अश्वशक्ती. इंजिन मुळात दणकट. दुखणी भोवतालच्या भागांची, आणि ती सगळी माहितीतली. त्यामुळे मालकाशी वाद घालावा लागत नाही. भाग दाखवायचा, कोटेशन समोर ठेवायचं.

पहिली अट, गाडी थंड हवी. आदल्या रात्रीपासून चालू करू नका असं आधीच सांगून ठेवा आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागली तर तपासणी दुसऱ्या दिवशी. थंड इंजिनाचा सेल्फ तीन-चार सेकंद लांबला तर हाय प्रेशर फ्युएल पंपावर संशय. खात्री स्कॅनरने करायची : रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब) आयडलला साधारण ५० बार आणि पूर्ण थ्रॉटलला २०० बारच्या आसपास जायला हवं. जोर दिल्यावर ते चढायच्या ऐवजी कोसळत असेल तर पंप गेलेला आहे.

चालू झाल्यावर आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढताना डब्यात खिळे हलल्यासारखा आवाज येतो का ते ऐका. तो टर्बोच्या वेस्टगेटचा, म्हणजे टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचा. नुसता आवाज असेल तर काही काळ निभतं. सोबत बूस्ट कमी पडल्याचा ३०एफएफ कोड असेल आणि कुठला पाइप निसटलेला नसेल, तर टर्बो उतरवावे लागण्याची शक्यता मोठी, आणि ते काम या गाडीतलं सगळ्यात खर्चिक. अशी गाडी घासाघीस करून घेण्यापेक्षा सोडलेली बरी.

आता गळती. ऑइल फिल्टरच्या हाउसिंगखाली टॉर्च मारा. तिथलं गॅस्केट उष्णतेने कडक होतं आणि तेल झिरपून थेट बेल्टवर पडतं. गॅस्केट स्वस्त आहे, पण तेलाने फुगून फाटलेल्या बेल्टचे धागे क्रँकच्या पुढच्या सीलमध्ये ओढले गेले तर काम इंजिन उघडण्यापर्यंत जातं. "थोडी ओल सगळ्यांनाच असते" हे उत्तर इथे चालत नाही. व्हॉल्व्ह कव्हरची गळती नाकाने कळते : गाडी तापल्यावर सिग्नलला थांबा, जळक्या तेलाचा वास केबिनमध्ये येतो.

पाण्याचा पंप विजेवर चालतो आणि जाताना बहुतेक वेळा पूर्वसूचना देत नाही. तापमानाचा इशारा आला की गाडी तिथल्या तिथे थांबवायची. बिलांमध्ये पंप आणि थर्मोस्टॅट बदलल्याची नोंद नसेल तर दोन्ही मूळचेच आहेत असं धरून हिशेब करा. किलोमीटर कमी असले तरी वय झालंय.

महूकर
छताकडे लोकांचं लक्ष जात नाही आणि नंतर तेच रडवतं. झेड४ चं छत अॅल्युमिनियमचं, दोन तुकड्यांचं, हायड्रॉलिकवर चालणारं. इंजिन चालू ठेवून ते पूर्ण उघडा-मिटा, सलग तीनदा. एका वेळेला सुमारे २० सेकंद लागतात. मध्येच थांबलं, एका बाजूने मागे राहिलं किंवा पंप कण्हला तर नोंद करा. डिकीतलं सामानाचं झाकण खाली ओढलेलं नसेल तर छत मुळात हलतच नाही, तेव्हा ते आधी बघा, उगाच बिघाड समजू नका.

मग छत मिटवून दहा मिनिटं पाइपने पाणी मारा. आतल्या खांबांची कापडं, सीटच्या मागची जागा आणि डिकीचा गालिचा उचलून हात फिरवा. रबरं वाळलेली किंवा पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी तुंबलेल्या असतील तर पाणी आतच मुरतं. वायरिंगच्या जोडांना हिरवट गंज दिसला की समजायचं, एक-दोन पावसाळे पाणी आत गेलेलं आहे. मालक पाणी मारू देत नसतील तर छताच्या दुरुस्तीची पूर्ण रक्कम वजा धरा.

रंगाची जाडी मोजताना लोखंड आणि अॅल्युमिनियम दोन्ही वाचणारं गेज घ्या. स्वस्तातलं चुंबकी गेज अॅल्युमिनियमवर काहीच दाखवत नाही. मूळ रंग साधारण १०० ते १६० मायक्रॉन, २०० च्या वर गेला की पुन्हा रंगवलेला, ५०० च्या पुढे पुट्टी. एका दाराला रंग असणं हे भाव कमी करायला पुरेसं कारण नाही, पार्किंगमध्ये ओरखडे पडतातच. पुढच्या चेसिसच्या पट्ट्या, बंपरमागची बीम आणि बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघा. बोल्टच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडालेला असेल तर पुढून ठोकर बसलेली असू शकते. मग विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागवा.

पलासियाकर
मीटर खरं आहे का हे कसं कळणार? आणि मागच्या मालकाने ताकद वाढवायला ट्यून केली असेल तर?

टॉर्क_रेंच
मीटरचा आकडा फक्त डायलमध्ये नसतो. क्लस्टर (डायलमागचं युनिट) आणि किल्लीचं मॉड्यूल, दोन्हीकडे साठतो, स्कॅनरवर दोन्ही जुळवा. किल्लीतही शेवटचे किलोमीटर नोंदलेले असतात, अधिकृत सर्व्हिसमध्ये ती वाचता येते. दोन्ही किल्ल्या मागा. एकच दिली तर दुसरीचा खर्च हिशेबात धरा. आणि ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कातडं, चालकाच्या सीटची बाहेरची कड हे ४६,००० किमीला शोभतंय का ते डोळ्यांनी ठरवा.

ट्यूनचं म्हणाल तर एन५४ वर ते फार सोपं असल्यामुळे संशय घ्यावाच. ट्यूनचा बॉक्स काढून ठेवता येतो, पण खुणा राहतात : सेन्सरच्या वायरी कापून जोडलेल्या, बदललेला चार्ज पाइप, कॅटलिटिक कन्व्हर्टर नसलेले डाउनपाइप. कन्व्हर्टर काढलेली गाडी पीयूसीच्या कसोटीला उतरेलच असं नाही आणि ती मूळ स्थितीत आणायचा खर्च तुमच्यावर येतो. मॉडिफिकेशनला पैसे वाढवून द्यायचे नाहीत. मूळ भाग सोबत मिळाले तर वजावट करायची नाही, एवढंच.

टेस्ट ड्राइव्ह किमान ४० मिनिटांची. आधी शहरात : पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चालवा, ड्युअल क्लच गिअरबॉक्स थरथरतो का बघा. मग बायपासवर तिसऱ्या गिअरमध्ये खालपासून पूर्ण जोर द्या. अडखळली तर प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर. शेवटी सिमरोलच्या घाटात चढ, तिथे तापमान आणि ब्रेक दोन्ही कळतात. वेग किती जातो हे बघायची गरज नाही, ती पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्रातल्या ११.३ किमीच्या ट्रॅकवरची गोष्ट. परत आल्यावर पाच मिनिटं चालू ठेवून गाडीखाली पुठ्ठा सरकवा, ठिबकतंय का दिसेल.

टायरच्या बगलेवरचे शेवटचे चार आकडे वाचा : २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी इतकं जुनं रबर या ताकदीच्या गाडीला चालत नाही. ही गाडी रनफ्लॅट टायरवर येते आणि स्टेपनी नसते. कोणी साधे टायर चढवले असतील तर पंक्चरचं सामान आणि हवेचा पंप आहे का तेही विचारा.

नियमाने_चला
कागदांबद्दल. दोन वर्षं इंदुरात आणि क्रमांक एमएच, इथेच पहिला प्रश्न. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे १२ महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला तिथला क्रमांक घ्यावा लागतो. ते त्यांनी केलेलं नाही. म्हणून सौद्यात हे लेखी हवं : मुंबईच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र (फॉर्म २८), मालकांनी आणायची, तोपर्यंतचे चलान आणि दंड त्यांचे. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० सह्या करून, नव्या क्रमांकाचा अर्ज फॉर्म २७ वर. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

इंदूरच्या आरटीओत या वयाच्या आणि या मूळ किमतीच्या गाडीला मध्य प्रदेशचा कर किती पडेल हा आकडा आधी काढून आणा. मुंबईत भरलेल्या कराचा उरलेला परतावा मागता येतो, पण नवा क्रमांक पडल्यानंतर, कागद पाठवून आणि वाट बघून. भाव ठरवताना तो परतावा शून्य धरा. मिळाला तर मिळाला.

नोंदणी २०१४ ची असल्यामुळे १५ वर्षं २०२९ ला पूर्ण होतात. त्यानंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरचा हेच बोट ठेवणार.

मालकांना हेही शांतपणे सांगा की आरसीवर नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. कागद व्यवस्थित होणं त्यांच्याही सुरक्षेचं आहे, तुमची अडवणूक नव्हे.

लष्करवाली
ग्वाल्हेरहून थोडी भर. तुलनेसाठी कुठल्या गाड्या धरता ते बघा. डीएल क्रमांकाची गाडी धरू नका. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे तिथला भाव वेगळ्याच कारणाने पडलेला असतो. एमपी-०७ ची गाडी तुलनेला आली तर आमच्या व्यापार मेळ्यात घेतलेली आहे का विचारा. ज्या वर्षी सरकारने मेळ्यात वाहनकरात ५० टक्के सूट दिली त्या वर्षीच्या गाडीचा खरा ऑन-रोड खर्च कमीच होता, आणि विकणारे पूर्ण कर धरून आकडा सांगतात.

"नवीन एवढ्याला घेतली होती" हे इनव्हॉइस दाखवून सुरुवात करणाऱ्यांना दुसरंही उत्तर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी अधिक सेस जाऊन सरसकट ४० टक्के झाला. म्हणजे २०१७ नंतरच्या, जीएसटी लागलेल्या इनव्हॉइसमधल्या कराचा भाग आज तेवढा उरलेला नाही.

गाडी डीलरकडून घ्यायची वेळ आली तर "१८ टक्के जीएसटी वरून" हे ऐकून घेऊ नका. जुन्या गाडीवर तो डीलरच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. दहा लाखांवर एक टक्का टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ गोळा करायचा आयकर) मात्र डीलर घेऊ शकतो, तो तुमच्या विवरणपत्रात वळता होतो. तुमचा सौदा खाजगी आहे, तिथे यातलं काहीच नाही.

हिशेबनीस
आता आकडा. खालचे दर उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमची कोटेशनं घालायची.

पाया : ३३ लाखांची जाहिरात सोडून द्या. तीन महिने पडून आहे म्हणजे बाजाराने तो भाव नाकारलाय. उरल्या २९.५ आणि ३०. जाहिरातीतला भाव हा मागणीचा असतो, सौद्याचा नाही, म्हणून खालचा २९.५ धरू.

आताच करायचे खर्च पूर्ण वजा : चार टायर १.२० लाख, पुढच्या ब्रेक डिस्क आणि पॅड ०.७०, तेलगळती आणि बेल्ट ०.३५. झाले २.२५.

वर्षभरात येणारे खर्च निम्मे वजा : पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट ०.९० चे ०.४५, गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर ०.५० चे ०.२५. झाले ०.७०.

एकूण २.९५. उरले २६.५५ लाख. शिवाय नव्या नोंदणीचा कर समजा दोन लाख, तोही वजा केला तर २४.५५. ही तुमची वरची मर्यादा.

नियमाने_चला
हिशेबनीस, कराची वजावट चुकतेय. पाया ज्या दोन गाड्यांवरून काढला त्या महाराष्ट्राच्याच आहेत. त्या आणल्या तरी मध्य प्रदेशचा कर भरावाच लागला असता. तो पायामध्येच आलेला आहे, पुन्हा वजा करणं मालकांवर अन्याय. पाया एमपी-०९ (इंदूर) क्रमांकाच्या गाड्यांवरून काढला असता तर कर वजा करणं बरोबर होतं.

हिशेबनीस
मान्य, माझी चूक. मग मर्यादा २६.५५ आणि कर खरेदीदाराचा, म्हणजे घरात येईपर्यंत २८.५५. उलट मुंबईहून गाडी आणायचा वाहतूक खर्च इथे वाचतोय, तेवढे विसेक हजार मालकांच्या बाजूने धरा.

टॉर्क_रेंच
पंपाबद्दल मी असहमत. दहा वर्षांवरचा विजेचा पंप "वर्षभरात" मध्ये नाही, "आताच" मध्ये बसतो. तो बंद पडून कोणी गाडी पुढे रेटली तर हेड वाकतं. पूर्ण ०.९० वजा करा.

हिशेबनीस
तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण मालकाच्या नजरेतून बघा : आज चालू असलेल्या भागाचे पूर्ण पैसे कोणी कापून देत नाही. तुम्ही नवा बसवलात की पुढची काही वर्षं तुम्हीच वापरणार, मग पूर्ण भार त्यांच्यावर कसा? निम्म्यावर त्यांना नाही म्हणणं अवघड जातं, पूर्ण मागितलं की सगळीच यादी संशयास्पद वाटायला लागते.

महूकर
हिशेबनीसांशी सहमत. चाळीस तक्रारींची यादी नेऊ नका. पाच मुद्दे, पाच छापील कोटेशनं. किरकोळ ओरखडे, सीटवरची सुरकुती, फिकट झालेला लोगो यांचा उच्चारही नको, वापरलेल्या गाडीत ते गृहीत असतं. आणि त्यांच्याकडे बिलांची फाइल नीट असेल, वेळेवर तेल बदललेलं असेल तर ते मोकळेपणाने बोलून दाखवा आणि त्याचे पैसेही द्या. रास्त भाव दोन्ही बाजूंनी रास्त हवा.

लष्करवाली
बोलणीचा क्रम. फोनवर "शेवटचा किती?" विचारू नका. न पाहता मिळालेली सवलत तपासणीनंतर पुन्हा मागता येत नाही, "आधीच कमी केलंय" हे उत्तर तयार असतं. तपासणी तुमच्या खर्चाने, तुमच्या माणसाकडून. नंतर एक दिवस जाऊ द्या, मग भेटा.

पहिला आकडा २५.७५ म्हणा, २० नको. कोटेशनमधून निघालेला आकडा टिकतो, हवेतला आकडा अपमान वाटतो. आधी हिशेब दाखवा आणि आकडा सर्वात शेवटी. तो सांगून झाल्यावर बोलू नका, त्यांना विचार करू द्या. वाढवताना पावलं लहान होत जाऊ द्यात : ४० हजार, मग २०, मग १०. तेवढ्यावरून मर्यादा जवळ आलीय हे समोरच्याला कळतं.

"टायर आम्ही घालून देतो" म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा. विकणारा सर्वात स्वस्त टायरच घालणार, त्यात त्यांचा दोष नाही. दुरुस्तीऐवजी पैसे कमी करून घ्या. अपवाद फक्त एनओसी, बोजा आणि चलान, ती त्यांनीच करायची.

तुमची खरी ताकद वेगळी आहे. दोन सीटची, दहा वर्षांवरची गाडी. तिला बँका सहजी कर्ज देत नाहीत, म्हणजे ग्राहक मोजके. पैसे तयार आहेत आणि एनओसी आल्याच्या दिवशी आरटीजीएस करतो, हे वाक्य विसेक हजारांचं काम करतं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोखीत घेणं आयकर कायद्यात बसत नाही, तेव्हा "अर्धे कॅश" या बोलण्यात शिरू नका. पावसाळ्यात उघड्या छताच्या गाडीला विचारणारे कमी, धनतेरसच्या आसपास जास्त. घाई नसेल तर तेही बघा.

पलासियाकर
फार नेमकं मिळालं, सगळ्यांचे आभार. २६.५५ च्या वर जाणार नाही हे कागदावर लिहून ठेवलंय. ते २८ वर अडून बसले तर?

हिशेबनीस
तर हिशेबाचा कागद त्यांच्याकडे ठेवा, "आमचा आकडा महिनाभर कायम आहे" म्हणा आणि उठा. लगेच दुसऱ्या दिवशी फोन करू नका. विमा, पार्किंग, उभी राहून उतरणारी बॅटरी, सगळं त्यांच्या खात्यात चालू असतं.

पलासियाकर
टोकन किती आणि कसं द्यायचं?

नियमाने_चला
२५ हजार पुरे, बँकेतूनच. आणि पावतीवर दोघांची सही. मजकूर असा ठेवा :

"वाहन क्रमांक, इंजिन क्रमांक व चेसिस क्रमांक ___ या गाडीची किंमत रु. ___ ठरली असून त्यापैकी रु. २५,००० आज मिळाले. विक्रेता ३० दिवसांत मूळ आरटीओची एनओसी, बोजा असल्यास तो उतरल्याचं पत्र आणि चलान शून्य असल्याचा पुरावा देईल. ते न मिळाल्यास, अथवा स्कॅनमधील किलोमीटर मीटरपेक्षा जास्त निघाल्यास, टोकन सात दिवसांत पूर्ण परत केलं जाईल. उरलेली रक्कम गाडी, दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसची फाइल आणि सह्या केलेले फॉर्म मिळताना बँकेतून दिली जाईल. ताबा दिल्याची तारीख व वेळ : ___"

शेवटची ओळ गाळू नका. ताब्याच्या वेळेआधीचं चलान कोणाचं आणि नंतरचं कोणाचं हे त्या ओळीवरूनच ठरतं. विमा नावावर करायला हस्तांतरानंतर १४ दिवस असतात. मालकांचा नो क्लेम बोनस त्यांच्यासोबत जातो, तुमचा जुन्या गाडीचा असेल तर तो इथे लावून घ्या. पॉलिसीवर त्यांचा बोनस शून्य दिसला तर मागच्या वर्षी दावा झाला होता का, ते सही करायच्या आधी विचारा.